तीन कुलपं आणि एक कवळी

१

प्राचार्य दुपारच्या झोपेतून उठले, सवयीप्रमाणे टेबलावरच्या काचेच्या वाटीत हात घातला, आणि हाताला नुसतं पाणी लागलं.

कवळी नव्हती. वरची नव्हती, खालचीही नव्हती. वाटी जागेवर होती, पाणी जागेवर होतं, पाण्यात टाकलेल्या गोळीचा पुदिन्याचा वास जागेवर होता. दात तेवढे गेले होते. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, उशीखाली पाहिलं. तिथे फोन होता. शेवटी आरशात पाहिलं आणि मग मात्र त्यांची खात्री पटली.

एरवी कोणाची कवळी हरवली तर घरात दोन दिवस हसण्याची सोय होते. ही कवळी साधी नव्हती. या कवळीने एक महाविद्यालय चालवलं होतं. प्राध्यापक तिच्या आवाजाने खडू टाकून पळत, शिपाई भिंतीला चिकटत, आणि पोरांना वर्गात उभं करून तिने असं सोललं होतं की ती पोरं आज आजोबा झाली तरी त्या आठवणीने कान चोळत. त्याच पोरांनी त्या संध्याकाळी हॉल घेऊन सरांचा सत्कार ठेवला होता. माणसाला छळाचीही सवय होते आणि पुढे तिलाच आदर म्हणतात.

सत्काराच्या उत्तराचं भाषण प्राचार्यांनी महिनाभर आरशासमोर घोटलं होतं. त्याच्या शेवटी एक घोषणा होती. घराचा वरचा मजला ते वाचनालयासाठी देणार होते. वाचनालयाला नाव स्वतःचं. त्या मजल्यावर त्यांच्या गेलेल्या थोरल्या मुलाची बायको राहायची. तिने माहेरी जावं, अशी भाषणात सोय होती. तिच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, पण ती अडचण वाक्याच्या ओघात बसत नव्हती.

आणि प्राचार्यांचा एक नेम होता. स्टेजवरून दिलेला शब्द त्यांनी जन्मात मागे घेतला नव्हता. घरात दिलेले पुष्कळ घेतले होते, पण घरात टाळ्या पडत नाहीत.

त्यांनी फोन उघडला. पुढच्या दाराचं कुलूप फोनवर चालणारं होतं. कोण आलं, कधी आलं, सगळं ते फोनवर कळवायचं. दुपारभरात दार बाहेरून एकदाच उघडलं होतं. त्या नोंदीकडे प्राचार्य बघतच राहिले.

‘प्राचार्य आले. दार आपोआप उघडलं.’

कुलपाच्या म्हणण्याप्रमाणे, प्राचार्य आत घोरत असताना प्राचार्य बाहेरून घरात आले होते.

२

प्राचार्यांची धाकटी बहीण, म्हणजे घरच्यांची आत्या, सत्कारासाठी म्हणून पोचली तेव्हा घरात सगळे जमलेले होते आणि कोणीच बोलत नव्हतं. या घरात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. आधी तिला वाटलं, कोणीतरी गेलं.

आत्याने उभं आयुष्य ग्राहकांच्या एका मासिकात काढलं होतं. इस्त्री, मिक्सर, पंखे, गाद्या यांची ती तुलना करायची आणि दहापैकी गुण द्यायची. कंपन्या तिला टरकून असत. दादा, म्हणजे प्राचार्य, मात्र चारचौघांत तिची ओळख ‘आमची चिमी, मिक्सरची समीक्षक’ अशी करून द्यायचा आणि लोकांचं हसून झालं की स्वतः हसायचा. आत्याने हे मनावर घेतलं नव्हतं. फक्त विसरलं नव्हतं.

या घराची कुलपंही तिच्याच तुलनेतून आली होती. गेल्या वर्षी दादाने फर्मावलं, किल्ल्यांचा जुडगा नको, दारं फोनवर उघडली पाहिजेत, तू बघ. तिने तीन कुलपं पाहिली. लाइट गेल्यावर काय, सेल संपल्यावर काय, हात ओले असताना काय, म्हातारपणी काय, असं सगळं तपासून बरं-वाईट लिहून दिलं. घरच्यांचं एकमत झालं नाही. या घरात चहात साखर किती यावरही एकमत नसे. तेव्हा तीन दारांना तीन कुलपं बसली.

पुढच्या दाराला दादाच्या पसंतीचं. मालक फोन घेऊन गल्लीत शिरला की ते ओळखतं, आणि तो पायरीवर येईतो दार उघडतं. हात लावायचा नाही, किल्ली नाही, आकडा नाही. दादाला ते फार आवडलं. निवृत्तीनंतर त्याच्यासाठी उठून दार उघडणारं ते पहिलंच कोणी होतं. आत्याने या कुलपाला सगळ्यांत कमी गुण दिले होते. का, ते दादाने वाचलं नाही. शिवाय त्याने ताकीद दिली, हे दार एकालाच ओळखेल. बाकीच्यांनी मागून यावं.

मागच्या दाराला बोटाचा ठसा लागायचा. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या जिन्याला सुनेने आकड्यांचं लावून घेतलं होतं. आतला जिना कधीच बंद झाला होता, दादाच्या पुस्तकांची कपाटं त्यावर उभी होती. सुनेला खाली यायचं तर जिना उतरून पुढच्या दाराची घंटा वाजवावी लागे. मागच्या कुलपात तिचं बोट घ्यायला दादाने कधी दिलं नव्हतं.

आत्या बसते न बसते तोच दादाने तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. तोंडावर रुमाल होता. बोलायला गेला की हवा सुटत होती, म्हणून त्याने लाल पेन घेतलं होतं. चिठ्ठीत स्वल्पविराम, अर्धविराम सगळे जिथल्या तिथे होते.

‘दुपारी घरात, म्हणजे वर, फक्त सून होती, माझा फोन आत होता, त्यामुळे कुलपाला मी आलो असं वाटलं, आणि हिने दार ढकललं. कवळी परत न केल्यास हिने आजच, मी हॉलवर निघण्यापूर्वी, हे घर सोडावं.’

सून दाराशी उभी होती. ती हाडं-सांध्यांना व्यायाम शिकवायची आणि तिच्या हातांत भलभलत्या माणसांना सरळ करायची ताकद होती. आत्ता ते हात नुसते एकमेकांत अडकले होते.

तिने एवढंच म्हटलं, “आत्या, मी घेतली नाही. पण घेतली असती तर मला वाईट वाटलं नसतं.”

आत्याला हे उत्तर आवडलं. निरपराध माणूसच इतकं बेफिकीर बोलतो. पण आवडणं हा पुरावा नव्हे, आणि हॉलवर निघायला फार वेळ उरला नव्हता.

३

आत्या आधी माणसांकडे गेली नाही, कुलपाकडे गेली. माणसं दबतात, यंत्रं दबत नाहीत, हा तिचा अनुभव.

तिने दादाचा फोन त्याच्या उशीखाली परत ठेवायला लावला. सुनेला बाहेर उभं केलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, ढकल. सुनेने ढकललं. दंड भरून ढकललं. दार हललं नाही. दादाने चिठ्ठी लिहायला घेतली, पण आत्याने हात वर केला.

ती म्हणाली की हे असंच व्हायला हवं होतं. मालक घरात आहे म्हणून कुलूप उघडं राहिलं असतं, तर दादा घरी असताना हे दार कुत्र्या-मांजरांनाही उघडं असतं. हे कुलूप मालक असण्यावर उघडत नाही, येण्यावर उघडतं. फोन आधी गल्लीबाहेर जावा लागतो आणि मग परत यावा लागतो. तेव्हाच ते उघडतं आणि तेव्हाच ‘आपोआप’ असं लिहितं.

मग तिने सुनेला विचारलं की दुपारी तू कुठे गेली होतीस. कुठेच नाही, असं उत्तर आलं. दुपारभर एक गुडघ्याच्या बाई वर होत्या, आणि त्या बाई अशा की एक व्यायाम झाला की एक आजार सांगायच्या. आत्याने त्यांना फोन केला. बाईंनी सुनेचा अखंड सहवास मान्य केला, आणि मग आपल्या खांद्याबद्दलही सांगायला सुरुवात केली.

म्हणजे गंमत अशी झाली. ती घरी होती, म्हणून दादाचा तिच्यावर संशय होता. आणि ती घरीच होती, म्हणूनच ते दार तिने उघडलेलं नव्हतं. जो आला तो गल्लीबाहेरून आला होता.

दादाने रुमालाआड काहीतरी पुटपुटलं. ते कोणाला कळलं नाही, आणि कळावं असा कोणी आग्रहही धरला नाही.

गल्लीबाहेर, हॉलवर, तिघं होती. दादाचा धाकटा मुलगा, सत्काराची धावपळ करणारा एक दंतवैद्य आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको. खुर्च्या, माइक, फुलदाण्या मांडायला तिघं सकाळपासून तिकडेच होती, आणि दादाचा निरोप फोनवर वाचून धावत आली होती. त्यांच्यातलं कोणीतरी मधेच एकदा घरी येऊन गेलं होतं. आणि कुलपाने त्या माणसाला वाकून म्हटलं होतं, या प्राचार्य.

४

धाकट्याला आत्याने गच्चीच्या पायरीवर गाठलं. तो दारांची, खिडक्यांची कामं घ्यायचा. ही तिन्ही कुलपं त्यानेच बसवली होती. म्हणून सगळ्यांत आधी त्यालाच घाम सुटला होता.

तो म्हणाला की मला आत शिरायचं तर मागच्या दारावर माझं बोट आहे, मी पुढून प्राचार्य होऊन कशाला येऊ. आत्याला हे पटलं. मागून गेला असता तर नोंद त्याच्या बोटाची झाली असती, आणि मागच्या दाराची दुपारभर एकही नोंद नव्हती. पण तिने सहज विचारलं, तुझा बाबांवर राग आहे का.  धाकटा म्हणाला की मी पहिली खिडकी बसवली तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं होतं, बघा, घराण्यातला पहिला सुतार. राग नाही, फक्त तेव्हापासून त्यांच्या खोलीची खिडकी नीट बंद होत नाही आणि मी ती दुरुस्त करत नाही.

आत्याने मनातल्या मनात त्याला दहापैकी दहा दिले.

मग दंतवैद्य. हा दादाचाच जुना विद्यार्थी, आणि ती कवळीही त्यानेच केलेली. सत्काराचा मुख्य खटाटोप त्याचाच. एकदा भर वर्गात सरांनी त्याला फळ्यासमोर उभं करून सांगितलं होतं की तू फार तर लोकांच्या तोंडात हात घालशील. पोटापाण्याचं भविष्य इतकं अचूक क्वचितच कोणी सांगितलं असेल, पण ज्या स्वरात सांगितलं तो स्वर त्याच्या मनातून गेला नव्हता. थोड्या वेळापूर्वी दादाने त्याला चिठ्ठीवर विचारलं होतं, दुसरी सोय होईल का. तो शांतपणे म्हणाला होता, नवी करायला तीन दिवस लागतील, सर.

आत्याने त्याला एकट्याला विचारलं, “आणि जुनी? बदलून घेतली ती?”

“ती आहे ना. माझ्या कपाटात आहे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सरांचीच शिकवण, आत्या. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं.”

पण दंतवैद्याने घरी येऊन काही नेलेलं नव्हतं. तो आणि धाकटा दुपारभर एकाच माइकच्या दोन टोकांना होते, एकमेकांच्या नजरेत. दोघांनी एकमेकांची साक्ष दिली. आत्याने मग दोघांना वेगवेगळं विचारलं, वहिनी होत्या का हॉलवर.

दंतवैद्य म्हणाला, “काकू? होत्या की. असतातच.”

धाकटा म्हणाला, “आई ना? होती. ती कुठे जाणार?”

आत्याने दोघांना आणखी एक प्रश्न विचारला, तोही वेगवेगळा. वहिनींनी आज कुठल्या रंगाचं घातलंय. दंतवैद्य म्हणाला, निळं. धाकटा विचार करून म्हणाला, पांढरट काहीतरी असावं.

वहिनी आत्ताही स्वयंपाकघरात होती. तिने लाल घातलं होतं. असातसा लाल नव्हे. त्या लालाने लांबून येणारी गाडी थांबवता आली असती.

म्हणजे वहिनी हॉलवर असल्याची सगळ्यांना खात्री होती, आणि तिला कोणी पाहिलेलं नव्हतं.

आत्या तिथेच पायरीवर बसली. एक गोष्ट तिला आता छळायला लागली होती. मागच्या कुलपाला वहिनीचं बोट कळत नसे. आयुष्यभर भांडी, कपडे, पाणी. बोटावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. कुलूप लावल्यावर पहिले दोन महिने वहिनी दर फोनला हेच रडगाणं गायची, की वन्सं, तुमच्या कुलपाच्या लेखी मला बोटंच नाहीत, मागच्या दाराशी उभी राहून हाका मारते. मग एकाएकी ती तक्रार बंद झाली. आत्याला तेव्हा वाटलं होतं, सुटला प्रश्न.

तक्रारी हाच आत्याचा धंदा होता. ग्राहकाची तक्रार थांबते ती दोनच कारणांनी. एक तर यंत्र सुधारतं, नाहीतर माणूस दुसरी वाट काढतो. आणि यंत्र सुधारल्याचं तिने तिच्या सगळ्या नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं.

ती उठली आणि धाकट्याला तिने शेवटचा प्रश्न विचारला. वहिनीच्या हातातला फोन कोणाचा?

“बाबांचा जुना. बाबांनी नवा घेतला की जुना आईला. आपल्याकडे असंच असतं.”

“तो पुसून दिला होतास ना?”

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. तो सावकाश म्हणाला की मी पुसत होतो, पण बाबांनी पुसू दिला नाही. त्यांची सगळी भाषणं त्यात रेकॉर्ड केलेली होती. म्हणाले, तिला काय कळतंय, तिला फक्त फोन लावता आला म्हणजे झालं, आतलं माझं सगळं तसंच राहू दे.

आतलं त्यांचं सगळं तसंच राहिलं होतं. कुलपासकट.

५

वहिनी ओट्याशी उभी राहून ग्लास विसळत होती. आत्याने दार लोटून घेतलं.

“कळलं का हो वन्सं?”

“कळलं.”

“बरं झालं. मला सांगायचंच होतं, पण मला कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना विचारून झालं. मला म्हणाले, चहा टाक.”

मग ती ग्लास विसळता विसळताच बोलत राहिली. एकदा पावसातून येत होती, हातांत पिशव्या. मागे जाऊन हाका मारायचा कंटाळा आला म्हणून पुढच्या पायरीवर टेकली, तर दार आपोआप उघडलं. ती घाबरली. मग दुसऱ्या दिवशी परत तसंच करून पाहिलं. तेव्हापासून वर्षभर ती पुढच्या दाराने येत होती, आणि फोनवर उमटत होतं, प्राचार्य आले. ह्यांना वाटायचं, आपण दिवसातून किती वेळा येतो-जातो, अजून काय तब्येत आहे. ते डॉक्टरलाही सांगायचे.

“त्या दाराला मी कधी दिसलेच नाही, वन्सं. मी आले तरी त्याला तेच दिसायचे. म्हटलं, असू दे. घरातल्या माणसांचंही तेच आहे, दाराला काय बोलायचं.”

पुढचं आत्याने ओळखलं होतं, पण तिने ऐकून घेतलं. महिनाभर आरशासमोरचं ते भाषण वहिनीने भिंतीआडून ऐकलं होतं. तो वरचा मजला थोरल्याने स्वतः उभा केला होता. सिमेंटच्या गोण्या खांद्यावरून नेताना त्याचा सदरा कसा फाटला ते वहिनीच्या डोळ्यांसमोर होतं. तिने ह्यांना विचारलं होतं, एकदाच, की पोरीला कुठे घालवता. ह्यांनी तिच्या वाक्यातली एक चूक काढून दिली होती. उत्तर दिलं नव्हतं.

“पोरगा गेला तेव्हा मी त्याला शब्द दिलाय,” वहिनी म्हणाली. “स्टेजवरून नव्हे. पण दिलाय.”

“आणि आता सुनेवर आळ आलाय त्याचं काय?”

वहिनीचे हात पहिल्यांदाच थांबले. तिने ते कोरडे केले. म्हणाली, “म्हणूनच म्हणते, चला बाहेर. तुम्ही सांगा. तुमचं सांगणं नीट असतं. पण एक करा वन्सं, हळूहळू सांगा.”

आत्याने हळूहळू सांगितलं. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवलं आणि दादाच्या बरोब्बर समोर खुर्ची ओढून घेतली. गल्लीबाहेर जाणं आणि परत येणं म्हणजे काय, सून का सुटते, धाकटा का सुटतो, दंतवैद्य का सुटतो, निळा आणि पांढरा, झिजलेली बोटं, थांबलेली तक्रार, न पुसलेला फोन. एकेक मुद्दा तिने मिक्सरच्या भांड्यासारखा उचलून उजेडात धरला, फिरवला आणि खाली ठेवला. दादाने चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा रुमाल पुढे आला. सत्तरीला टेकलेल्या आत्याला भावाने अख्खं वाक्य पुरं करू देण्याची ही पहिलीच वेळ होती. तिने वाक्यं मुद्दाम लांब केली. गरज नव्हती तिथे उपमा घातल्या.

शेवटी ती म्हणाली, “तुला मी लिहून दिलं होतं दादा. या कुलपाला सगळ्यांत कमी गुण का, तर ते माणूस ओळखत नाही, फोन ओळखतं. तू गुण वाचलेस. कारण वाचलं नाहीस.”

दादाने बायकोकडे पाहिलं. बहुधा बऱ्याच वर्षांनी. लाल रंगाने तो थोडा दचकला असावा. मग त्याने लाल पेन उचललं आणि त्याच्या हातून विरामचिन्हांशिवाय दोनच शब्द उमटले.

‘दात कुठे’

“हॉलवर,” वहिनी म्हणाली. “तिथे आलात तर मिळतील. घरी बसलात तर लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन.”

सून काहीतरी बोलायला पुढे झाली. वहिनीने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, तू जा, आवरून ये, आपल्याला सगळ्यांनाच निघायचंय. आवरून म्हणजे कपडे बदलून. सामान आवरून नव्हे.

६

हॉल भरला होता. मागच्या रांगेतही टकलं आणि पांढरे केस होते, आणि सर आत येताच ती सगळी टकलं जुन्या भीतीने उठून उभी राहिली.

प्राचार्य स्टेजवर मधल्या खुर्चीत बसले. ओठ घट्ट मिटलेले. लोकांना वाटलं, सर गहिवरलेत. एकेक जण उठला आणि बोलला. सरांनी मला कसं घडवलं. सरांनी मला कसं फोडलं. फोडलं हा शब्द ते हसून म्हणत होते, पण म्हणताना दातओठ जवळ येत होते. सरांची नजर वहिनीच्या पर्सवर होती, दात तिच्यातच असणार. पर्स वहिनीच्या मांडीवर होती, आणि वहिनी पहिल्या रांगेत सून आणि आत्या यांच्या मधे बसली होती.

सत्काराच्या उत्तराची वेळ आली. दंतवैद्य माइकवर गेला. गळा साफ करून त्याने सांगितलं की सरांच्या तोंडाला थोडी तक्रार आहे, वैद्यकीय सल्ला म्हणून मीच त्यांना बोलू नका म्हटलंय. तेव्हा त्यांचं मनोगत काकू सांगतील.

प्राचार्यांना हे ठाऊक नव्हतं. ते खुर्चीतून अर्धे उठले. हॉलने टाळ्या वाजवल्या. ते परत बसले.

वहिनी पर्स घेऊन स्टेजवर चढली. माइक तिच्यासाठी उंच होता. धाकट्याने पळत जाऊन तो खाली केला, आणि घट्ट पिरगळून बसवला, नीट, जसं काम करावं तसं. ती कागदाशिवाय बोलली. आवाज लहान होता, पण हॉलमध्ये श्वासाचाही आवाज नव्हता. या लोकांना बोलणाऱ्याकडे बघून शांत बसायची शिस्त होती, आणि ती शिस्त कोणी लावली हे आठवून आत्याला मनस्वी बरं वाटलं.

वहिनी म्हणाली की सरांना आज एक घोषणा करायची होती. महिनाभर ती त्यांच्या मनात होती. घराचा वरचा मजला ते कायमचा देणार होते.

प्राचार्यांचे डोळे विस्फारले.

“तो मजला आमच्या थोरल्याने बांधला. तो आता आमच्या सुनेचा. ती आहे तोवर तिचा, आणि पुढे ती म्हणेल त्याचा. सरांनी मला हेच सांगायला सांगितलंय. सर स्टेजवरून दिलेला शब्द फिरवत नाहीत, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कागद उद्या होतील. तुम्ही साक्षीला आहात.”

सगळा हॉल सरांकडे वळला. वळला आणि थांबला, कारण सर होकार देणार हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना तो बघायचा होता. प्राचार्यांनी तोंड उघडायचा विचार केला असावा. आत्याला तो विचार त्यांच्या गालावरून सरकत जाताना दिसला. उघडलं असतं, तर इतकी वर्षं ज्याच्या भीतीने ही टकलं उभी राहिली, ते तोंड या सगळ्यांना दिसलं असतं, रिकामं. समोर वहिनीची पर्स होती. मागे साडेतीन दशकांची प्रतिष्ठा होती. दोन्हींच्या मधे प्राचार्य होते.

त्यांनी मान हलवली. एकदा. होकाराची.

टाळ्यांनी छत उचललं. मागच्या रांगेतले म्हातारे डोळे पुसू लागले. सरांच्या मनाचा हा मोठेपणा आपल्याला कधी कळलाच नाही, असं ते एकमेकांना सांगू लागले. सुनेने आत्याचा हात धरला, आणि तिची ताकद लक्षात घेता आत्याला तो थोडा सोडवून घ्यावा लागला.

टाळ्या थांबल्या. दंतवैद्य माइक घ्यायला पुढे झाला. प्राचार्य खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठू लागले, कारण आता पर्सची पाळी होती.

वहिनी जागची हलली नाही. तिने समोरच्या तांब्यातून ग्लासभर पाणी ओतून घेतलं, सावकाश प्यायली, ग्लास खाली ठेवला. तिचा संसार पन्नास वर्षांचा होता, आणि हॉल रात्रीपर्यंत घेतलेला होता.

“आता दुसरा मुद्दा,” ती म्हणाली.

आत्या खुर्चीत आरामात रेलून बसली.